गावच्या शाळेसाठी कोडिंग शिकवणारे रोबो घ्यायचेत, कुठले घ्यावेत?

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीला लागून. वाडीचं मुंबईत मंडळ आहे, गणपतीत गावी गेलो की शाळेला काहीतरी द्यायची पद्धत आहे, दप्तरं, वह्या, एका वर्षी पाण्याचा फिल्टर. यंदा मीटिंगमध्ये तरुण पोरांनी टूम काढली की वह्या सगळेच देतात, आपण ते कोडिंग शिकवणारे खेळण्यातले रोबो देऊया. आता टूम काढणारे वेगळे आणि धावपळ करणारा सेक्रेटरी वेगळा, म्हणजे मी.

३५ हजार जमलेत, अजून थोडे येतील. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी, पट तीसच्या आसपास, दोन गुरुजी आणि एक बाई. नेटवर बघायला बसलो तर डोकंच गरगरलं, बाराशेपासून साठ हजारापर्यंत काहीही आहे आणि प्रत्येक खोक्यावर 'मुलांची विचारशक्ती वाढवा'. मोबाईल अ‍ॅपवाला घ्यावा की बिनअ‍ॅपचा, एक भारीतला की चार साधे, आणि मुख्य म्हणजे आपल्याकडच्या पावसात तो टिकणार का? आणि कुणाला वाटत असेल की त्यापेक्षा वह्याच द्या, तर तेही सांगा, फक्त कारण देऊन सांगा.

उकडेतांदूळ

वह्याच द्या. कारण: वहीला चार्जर लागत नाही.

सुरंगी

काका, तुमचं उत्तर अर्धं बरोबर आहे :) पण तरी लिहिते. माझी मुलगी तिसरीत, रत्नागिरीत राहतो, मी घरून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते त्यामुळे ह्या विषयात जरा नाक खुपसून असते.

आधी वय बघा. पहिली ते तिसरीच्या पोरांना स्क्रीन नसलेला रोबो घ्या. म्हणजे पाठीवर बटणं असतात, पुढे, मागे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, आणि मधे 'गो'. बी-बॉट म्हणून जो मधमाशीसारखा पिवळा-काळा मिळतो तो ह्यातला जुना-जाणता, ब्रिटनमधल्या शाळांमध्ये वर्षानुवर्षं वापरतात. एकदा पुढे दाबलं की बरोबर १५ सेंमी जातो, वळ दाबलं की जागच्या जागी ९० अंश वळतो. मुलाने आधी सगळ्या सूचना ओळीने दाबायच्या, मग गो, मग तो सगळं करून दाखवतो आणि शेवटी थांबतो. बस एवढंच. पण ह्या 'आधी सगळं सांग, मग बघ' मध्येच सगळी गंमत आहे, कारण रिमोटच्या गाडीला तुम्ही चालता चालता सुधारू शकता, ह्याला नाही. चुकलं तर परत पहिल्यापासून विचार.

आणि सगळी मुलं सुरुवातीला अडकतात ती जागा सांगते. रोबोला उजवीकडच्या घरात न्यायचंय, तर मूल नुसतं 'उजवीकडे' दाबतं. रोबो बिचारा वळतो आणि तिथेच उभा. मूल म्हणतं बिघडला! मग हळूहळू लक्षात येतं की वळणं वेगळं आणि जाणं वेगळं. दुसरी जागा म्हणजे रोबोचं तोंड आपल्याकडे असलं की त्याचं डावं ते आपलं उजवं. इथे आमच्या कन्येने काय केलं, उठून रोबोच्या मागे जाऊन उभी राहिली, हात पसरले, आणि स्वतः वळून बघितलं. मला त्या क्षणी पैसे वसूल झाले.

धोंडूमास्तर

सुरंगीताई, तुम्ही जे शेवटी लिहिलंत ना, स्वतः उठून वळून बघणं, ह्या सगळ्या प्रकाराचा उगमच तिथे आहे. सीमोर पॅपर्ट म्हणून गणितज्ञ होते, मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, जीनिव्हाला मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पियाजेंबरोबर काम करून मग अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात गेले. त्यांनी वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्याबरोबर १९६७ मध्ये लोगो नावाची मुलांसाठीची संगणकभाषा केली, आणि नंतर तिच्या जोडीला जमिनीवर चालणारं कासव आलं, घुमटासारखं, कॉम्प्युटरला वायरने जोडलेलं, पोटात पेन. मुलगा आज्ञा देणार, कासव कागदावर रेघ ओढत जाणार. अडलं की 'तू कासव हो आणि चालून बघ' असं ते मुलांना सांगायचे. आजचे सगळे बटणवाले रोबो त्या कासवाचे नातवंड.

मी स्वतः गुहागर तालुक्यात जि.प. शाळेवर आहे. खाडीपलीकडे साहेब, तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट लिहितो, राग नसावा. जवळच्याच एका शाळेला एका दात्याने मोठा महागडा किट दिला, शेकडो तुकडे, मोटरी, सेन्सर. उद्घाटन झालं, फोटो झाला, आणि आता तो कपाटात कुलपात आहे. का, तर एक तुकडा हरवला तर विचारणार कोण, म्हणून मुख्याध्यापक काढूच देत नाहीत. आणि त्यांचं तरी काय चुकलं? स्टॉक रजिस्टरला नोंद आहे, ऑडिटला उत्तर त्यांनाच द्यायचं. तेव्हा देताना लेखी द्या की वापरात तुटलं-फुटलं-हरवलं तर मंडळाची हरकत नाही. हा कागद रोबोपेक्षा महत्त्वाचा.

रापण

धोंडूमास्तरांक शंभर टक्के सपोर्ट. आमच्या हय पण तसाच. वस्तू देणारो देऊन जाता, कुलूप लावणारो लावन ठेवता, आणि पोरां काचेतसून बघतत.

माका एक सांगा, ह्येचा चार्जिंग कसा करतलास? पावसात आमच्याकडे लाईट गेली की दोन-दोन दिस येणा नाय. मी मालवणात होडयेचो माणूस, होडयेवर जीपीएस असा, फिश फाइंडर असा, इलेक्ट्रॉनिक वस्तूक भियत नाय. पण खारो वारो काय करता तां माका म्हायत असा. सेलाच्या स्प्रिंगीक सा महिन्यात हिरवो थर.

बीओमोटर

रापण भाऊंनी मुद्द्याला हात घातला. मी ठाण्यात रोबोटिक्सचे क्लासेस घेतो, सासरवाडी वेंगुर्ल्याची, त्यामुळे दोन्हीकडचं माहितीये. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

बॅटरीचे दोन प्रकार. एक, आतच बसवलेली रिचार्जेबल, यूएसबीने चार्ज, बी-बॉटचं हल्लीचं मॉडेल तसंच आहे. सोयीचं आहे, पॉवर बँकवरही चार्ज होतं म्हणजे लाईट नसली तरी भागतं. तोटा हा की काही वर्षांनी ती बॅटरी मान टाकणारच आणि मग उघडून बदलायला कुणीतरी हवं. दुसरा प्रकार, पेन्सिल सेलवाला. गावच्या दुकानात सेल मिळतात हा मोठा फायदा. पण साधे सेल टाकत बसलात तर मंडळाचं दिवाळं निघेल, म्हणून रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचे सेल आणि चांगला चार्जर घ्या. इथे एक गोम आहे, साधा सेल दीड व्होल्टचा, रिचार्जेबल १.२ चा. चार सेलचं खेळणं असेल तर ६ ऐवजी ४.८ व्होल्ट मिळतात, आणि काही स्वस्त खेळणी त्यावर नीट चालतच नाहीत. घेण्याआधी खोक्यावर रिचार्जेबल चालतात का ते वाचा.

आता बॅटरी उतरली की काय होतं ते ऐका, कारण मास्तरांना वर्गात हे हमखास दिसणार. स्वस्तातल्या रोबोला आपलं चाक किती फिरलं ते कळतच नाही. तो नुसता वेळ मोजतो, की अमुक इतका वेळ मोटर फिरवली म्हणजे ९० अंश झाले. सेल ताजे असतात तोवर होतातही. सेल उतरले की तेवढ्याच वेळात मोटर कमी फिरते आणि ९० चे ७५ होतात. चार वळणांचा चौकोन जुळतच नाही. मुलाचा प्रोग्राम बरोबर, रोबो चुकीचा! जरा वरच्या किमतीच्या रोबोला चाकावर एन्कोडर असतो, तो फेऱ्या मोजतो, तिथे हा त्रास फार कमी. दुकानदाराला विचारून काही उपयोग नाही, त्याला माहीत नसतं. रोबो हातात घेऊन जमिनीवर चौकोन मारायला लावा, चार-पाच वेळा. परत सुरुवातीच्या जागी आला तर घ्या.

हिरवा थर: सेल लीक झाला असेल तर तो अल्कलीचा असतो, व्हिनेगर किंवा लिंबाचा बोळा फिरवून मग कोरड्या ब्रशने साफ करायचं, हाताला लागू द्यायचं नाही. (कोकमाचं आगळ लावू नका, त्यात मीठ असतं, कुणीतरी लावलेलं बघितलंय.) आणि सुट्टी लागली की सेल काढून ठेवायचे, रोबो झाकणाच्या घट्ट डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या. खाऱ्या हवेवर ह्यापेक्षा वेगळा उपाय मला तरी माहीत नाही.

मिरगाचापाऊस

जमीन! जमिनीचं कुणी बोललंच नाही. भाच्यासाठी आणलेला रोबो गावी नेला होता, दापोलीजवळ, पडवी सारवलेली. शेणाच्या सारवणावर चाकं गुर्रगुर्र करत जागच्या जागी फिरायची आणि अंगणात चिऱ्याच्या खडबडीवर तर उलथाच पडायचा. शहाबादी फरशीवर चालला पण सांध्यात चाक अडकलं की तोंड वाकडं. वर मुलांच्या पायाची रेती चाकाच्या कण्यात, आणि केस. केस फार जातात हो. चिमट्याने काढत बसायचं.

खाडीपलीकडे

बाप रे, हे सगळं खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. शाळेची फरशी शहाबादीच आहे. मग खाली काय अंथरायचं?

मिरगाचापाऊस

आम्ही फ्लेक्स उलटा करून अंथरला. भावी नगरसेवकांचे वाढदिवस बारमाही असल्यामुळे फ्लेक्सला तोटा नाही. मागची बाजू पांढरी असते, त्यावर मार्करने चौकोन आखले. पण सुरकुती आली की रोबो तिरका जातो, हे आहेच.

सुरंगी

फ्लेक्सपेक्षा प्लायवूड. आणि त्यावर नुसते चौकोन नकोत, गावाचा नकाशा काढा. देऊळ, पार, जेटी, शाळा, रेशन दुकान, एसटीचा थांबा. 'बाईंना घरून शाळेत आणा, वाटेत रेशन दुकान लागलं पाहिजे आणि विहीर चुकवायची' असं कोडं घाला, मुलं सोडत नाहीत. विकत जे मॅट मिळतात त्यांच्यावर किल्ला, ड्रॅगन, समुद्री चाचे वगैरे, त्याला परत हजार-दोन हजार कशाला घालायचे.

उकडेतांदूळ

बरं. आता माझा गंभीर प्रश्न, मघाशी वात्रटपणा झाला. नातू पुण्यात आहे, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्याच्या आईबापांनी एका ऑनलाईन कोडिंग क्लासला रग्गड फी भरली, सहा वर्षांचं पोर अ‍ॅप बनवणार म्हणे. काही बनलं नाही, पोर कंटाळलं, फी गेली. आणि आता तर कोड एआयच लिहून देतंय असं रोज ऐकतो. मग तीस पोरांच्या शाळेत, जिथे चौथीतल्या काहींना अजून धड जोडाक्षरं वाचता येत नाहीत, तिथे हे कशाला? मी निवृत्त शिक्षक आहे, आधी वाचन-लेखन हे माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

धोंडूमास्तर

सर, तुमच्या मताचा आदरच आहे. ती जाहिरातबाजी मलाही खटकली होती. सरकारी धोरणही तसं काही म्हणत नाही, २०२० च्या शैक्षणिक धोरणात कोडिंगचे उपक्रम आहेत ते सहावीपासून पुढच्या टप्प्यावर, त्याआधी तर्कशुद्ध विचार, कोडी, खेळ अशाच वाटेने. अटल टिंकरिंग लॅब्ज, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतल्या शाळांमधल्या प्रयोगशाळा, त्याही सहावी ते बारावीसाठीच आहेत, त्याला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं पण ते आमच्यासारख्या लहान शाळांच्या वाट्याला कुठून यायला.

पण वाचनाचं म्हणाल तर माझा उलटा अनुभव सांगतो. माझ्याकडे एक रोबो आहे, एकच, ओळखीतून मिळालेला. गट करतो तिघांचा. एक सांगणारा, एक बटण दाबणारा, एक बघणारा. नियम असा की सांगणाऱ्याने रोबोला हात लावायचा नाही. आणि सांगायचं तोंडी नाही, कागदावर लिहून द्यायचं. 'दोन घर पुढे. डावीकडे वळ. एक घर पुढे.' दाबणारा फक्त जे लिहिलंय तेच दाबणार. चौथीतली एक मुलगी आहे, वर्गात तोंडातून शब्द काढत नाही, लिहायचाही कंटाळा. तिने लिहिलं 'दोन घर जा', पुढे की मागे लिहिलंच नाही. दाबणारा पोरगा वस्ताद, त्याने मागे दाबलं. रोबो थेट विहिरीत. सगळे हसले. ती रडेल असं मला वाटलं, तर तिने कागद हिसकावून घेतला आणि 'पुढे' हा शब्द असा काही दाबून लिहिला की खालच्या पानावर उमटला. नंतरच्या कागदांवर तिने एकेका ओळीला आकडे घालायला सुरुवात केली, मी सांगितलं नव्हतं.

म्हणजे नेमकं लिहिणं, दुसऱ्याचं लिहिलेलं नीट वाचणं, हे सगळं त्यात आलंच की सर.

उकडेतांदूळ

हं. हे तुमचं श्रेय आहे, यंत्राचं नाही. तुम्ही नुसता खडूने चौकोन आखून एका पोराला रोबो केलंत तरी हेच होईल.

धोंडूमास्तर

होतं सर, आणि मी तेही करतो. सुरुवातच त्याने करतो. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल वगैरे मंडळींनी असे बिनकॉम्प्युटरचे खेळ ढिगाने तयार करून नेटवर फुकट ठेवलेत. पण एक फरक पडतो. पोरगा रोबो झाला की मित्राला सांभाळून घेतो, चुकीचं सांगितलं तरी त्याला काय म्हणायचंय ते कळतं आणि बरोबर घरात जाऊन उभा राहतो. यंत्र सांभाळून घेत नाही.

बीओमोटर

एआयच्या मुद्द्यावर दोन ओळी. माझ्या क्लासला आठवीतली मुलं एआयकडून कोड आणतात, मी अडवत नाही. पण रोबो भिंतीला धडकतो तेव्हा का धडकला हे शोधायला त्यांना बसावंच लागतं. परवाचंच उदाहरण, कोड शंभर टक्के बरोबर आणि लाईन फॉलोअर गाडी काळी रेघ सोडून पळतेय. कारण काय तर बाहेर अंगणात चालवत होते. त्या गाडीच्या पोटाखाली इन्फ्रारेडचा सेन्सर असतो, पांढऱ्यावरून किरण परत येतात, काळ्यावरून फारसे येत नाहीत, त्यावर ती रेघ ओळखते. उन्हातच भरपूर इन्फ्रारेड असतं, सेन्सर आंधळा होतो. सावलीत आणली, सुतासारखी चालली. हे एआयला कळायला आधी पोराने सांगायला हवं की आम्ही उन्हात उभे आहोत.

रापण

ह्या बरोबर. फिश फाइंडरचा पण तसाच, मशीन कितीय चांगला असांदे, समोर काय दिसता त्येचो अर्थ लावूक माणूस लागता.

बाकी उकडेतांदूळ सर, तुमका एक इचारतंय, रागाव नको. पोरां मोबाईलवर रील बघत बसतत त्येपेक्षा ह्या बरा नाय काय?

उकडेतांदूळ

रीलपेक्षा काहीही बरं, हा काही निकष झाला नाही रे बाबा. पण मास्तरांचा कागदावर लिहायचा नियम मला आवडला. तो नियम असेल तर माझा विरोध मागे. वह्याही द्या मात्र.

चिऱ्याचंघर

अ‍ॅपवाल्यांबद्दल माझाही एक अनुभव टाकून ठेवतो. एका कंपनीचा रोबो घेतला होता मुलासाठी, दिसायला फार गोड, डोळे मिचकवायचा. फोन बदलला तर नवीन फोनवर अ‍ॅपच चढेना. कंपनीला मेल केले, उत्तर नाही. आता तो शोकेसमध्ये गणपतीशेजारी बसलाय. गावी तर नेटचाही प्रश्न, टॉवरची रेंज धक्क्यावर येते आणि शाळेत येत नाही. अ‍ॅपवाला घ्यायचाच तर आधी फोन फ्लाइट मोडवर टाकून चालतो का बघा.

बीओमोटर

आणि मोठी कंपनी म्हणजे कायमची असं समजू नका. लेगोने माइंडस्टॉर्म्स १९९८ मध्ये आणलं, जगभर स्पर्धा होतात त्यावर, आणि २०२२ अखेर ती मालिका बंद केली. कॉझ्मो नावाचा छान रोबो करणारी अँकी कंपनी २०१९ मध्ये बंद पडली. म्हणून म्हणतो, ज्याचं डोकं आतच आहे, कंपनीच्या सर्व्हरवर नाही, असं घ्या.

पाचवी ते सातवीसाठी वेगळा विचार करा हां. त्या वयाला चार बटणांचा रोबो दोन तासिकांत संपतो. शाळेत जुना लॅपटॉप असेल ना? त्यावर स्क्रॅच टाका, म्हणजे पडद्यावर सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा, एमआयटीत तयार झालेली, २००७ पासून, फुकट, आणि ऑफलाईन अ‍ॅपही मिळतं, एकदा पेन ड्राइव्हवरून चढवलं की नेट नको. जोडीला दोन-तीन मायक्रोबिट. हा छोटासा बोर्ड, बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांना वाटला होता, जवळपास दहा लाख. वर पंचवीस लाल दिवे, दोन बटणं, हलवलं-तिरकं केलं ते कळणारा सेन्सर, होकायंत्र. चाकांची गाडी लागेल तेव्हा नंतर जोडता येते, किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन पिवळ्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या) मोटरी आणि चाकं आणा, फार स्वस्तात होतं. माझं नाव त्यावरूनच आहे.

सुरंगी

स्क्रॅचला हजार मोदक. पाचवीच्या मुलाला सांगा त्रिकोण काढ. तो 'तीन वेळा पुढे जा, ६० अंश वळ' असं लावतो, कारण पुस्तकात समभुज त्रिकोणाचा कोन ६०. निघतो काय, तर अर्धा षटकोन, उघडा. का? कारण वळायचं असतं बाहेरच्या कोनातून, १२०. बाह्यकोन फळ्यावर शिकवून जो डोक्यात शिरत नाही तो असा शिरतो.

आणि एक राहिलं, सुरक्षा. खेळण्यांवर आयएसआय मार्क बघा, १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे तो सक्तीचा आहे, बाहेरून आलेल्या खेळण्यांनाही. बटण सेलचा कप्पा स्क्रूने बंद होणारा हवा. बटण सेल पोराने गिळला तर घशात काही तासांत भाजल्यासारखी जखम होते, थट्टा नाही, तेव्हा थेट दवाखाना गाठायचा. शाळेत पहिलीची मुलं आहेत म्हणून मुद्दाम लिहितेय.

मिरगाचापाऊस

अजून एक आयडिया. क्यूबेटो म्हणून लाकडी रोबो मिळतो, त्यात बटणांऐवजी पाटीवर ठोकळे ठेवायचे, पुढे जा-डावीकडे-उजवीकडे असे. फार सुंदर आहे पण आपल्या बजेटच्या बाहेर. पण नुसते लाकडी बाणांचे ठोकळे सावंतवाडीत चितारआळीत करून मिळतील ना? तिथले लोक लाकडी फळं इतकी हुबेहूब करतात, बाण म्हणजे त्यांना किरकोळ. मुलांनी आधी ठोकळे ओळीने मांडायचे आणि ते बघून रोबोवर बटणं दाबायची. लिहिता न येणाऱ्या पहिली-दुसरीला सांगणाऱ्याचा कागद म्हणजे हेच ठोकळे.

धोंडूमास्तर

वा! हे मी माझ्या शाळेसाठी चोरतोय.

आणि अजून एक बारीकशी गोष्ट, पण लक्षात ठेवा. रोबो आला की मोठी मुलं, त्यातही मुलगे, ताबा घेतात. मुली कडेला उभ्या राहून बघतात. सांगणारा-दाबणारा-बघणारा ही पाळी घड्याळ लावून बदलायची, नाहीतर तीस मुलांची शाळा असली तरी रोबो चौघांचाच होतो.

खाडीपलीकडे

मंडळी, मनापासून आभार. काल मंडळाची मीटिंग झाली, हा धागा मोठ्याने वाचून दाखवला, आगळवाल्या भागावर हशा. ठरलं ते असं: दोन बटणवाले रोबो, चौकोन मारून बघूनच घ्यायचे. दोन मायक्रोबिट, लॅपटॉपवर स्क्रॅच चढवून द्यायची जबाबदारी आमच्या एका भाच्याची. ठोकळ्यांसाठी सावंतवाडीला एकजण जाऊन येईल. तोडफोडीला हरकत नाही हे पत्र लेटरहेडवर, अध्यक्षांच्या सहीने. उरलेल्या पैशांच्या वह्या, उकडेतांदूळ सरांच्या नावाने :) साठ हजारवाल्याचा आग्रह धरणारे एक सभासद रुसलेत, पण ते दरवर्षीच कशावरून तरी रुसतात.

गणपतीच्या आधी शनिवारी शाळेत बाईंना आणि गुरुजींना बसवून दाखवायचंय. बीओमोटर, वेंगुर्ल्याला येणार असाल तर एक चक्कर माराल का? गाडीभाडं मंडळाचं, जेवण आमच्याकडे.

बीओमोटर

येतो की. जेवणात काय ते आधी सांगा, गणपतीच्या आधी म्हणजे श्रावण असेल, मासे नाहीत.

रापण

प्लायवूड माझ्याकडे पडलेला असा, होडयेच्या कामाचा उरलेला, आठ बाय चारचा आख्खा शीट, वॉटरप्रूफ. मालवणातसून देवगडाक टेम्पो जाता त्येच्यावर टाकतंय. कापून होया की आख्खा? माप सांगा.

सुरंगी

रापण दादा, अर्धा कापा. चार बाय चारचे दोन, म्हणजे दोन गट एकदम खेळतील. एका तुकड्यावर १५ सेंमीचे आठ गुणिले आठ चौकोन बसतात, १२० सेंमी होतात, दोन सेंमी उरतात ते कडेला जातील. चौकोन १५ चाच हवा, इंचात सहा करू नका, सहा इंच म्हणजे १५.२४, आठव्या घरापर्यंत जाईस्तोवर रोबो दीड-पावणेदोन सेंमी मागे राहतो. आणि पॉलिश पेपर मारून द्या, चकचकीत व्हार्निश नको, चाक घसरतं.

रापण

व्हार्निश नाय. कडेक अर्धो इंच पट्टी मारून दितंय, नायतर रोबो थेट खाली.